पोस्टकार्डाएवढी फट

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मुद्रितं तपासायला बसलं, की खालच्या रस्त्याचे आवाज तिच्या कानावर पडायचे पण आत शिरायचे नाहीत. बावीस वर्षांची सवय. त्या शुक्रवारी मात्र खाली कुणाची तरी गाडी सुरू होईना. स्टार्टर घरघरायचा, दमायचा, गप्प व्हायचा, पुन्हा घरघरायचा. तिची पेन्सिल ओळीच्या मधोमध थांबली. चार. पाच. शेजारच्या टेबलावरच्या बाई काहीतरी विचारत होत्या, तिने मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाच कळलं नाही. सहा. सातव्या खेपेला इंजिन जागं झालं, गाडी निघून गेली, आणि तिने खाली पाहिलं तर पेन्सिलीचं टोक कागदात रुतून मोडलं होतं. दहा महिने हे असंच चाललं होतं. कुणाची गाडी, कुठली गाडी, याच्याशी देणंघेणं नाही; रस्त्याने चालताना, दुकानात सुटे पैसे परत घेताना, दंतवैद्याकडे तोंड उघडं ठेवून बसलेली असताना, कुठेतरी एखादी किल्ली फिरायची आणि ती आतल्या आत मोजायला लागायची. गाडी सुरू झाली की सुटका. एकदा एका गल्लीत सुरू झालीच नाही. मालकाने दार आपटलं आणि तो शिव्या देत चालत गेला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आईला सांगितलं, पोट बरं नाही.

शुक्रवारीच घरी पार्सल आलेलं होतं. आईने ते उघडून, आतल्या वस्तू जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. अंगठ्याएवढा काळा ठोकळा, त्यातून निघालेल्या एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी, बांगडीसारखं एक चुंबकाचं कडं, दोन स्क्रू, आणि घडी घालून घालून पोस्टाच्या तिकिटाएवढं केलेलं माहितीपत्रक. एवढ्याशा गोष्टीने म्हणे ती जुनी गाडी आता कधी अडणार नव्हती. आईने चौसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली होती. शिकवणारा सव्वीस वर्षांचा, तिला काकू म्हणायचा आणि वळणावर डोळे मिटून घ्यायचा, असं आईच सांगायची. त्याने बाबांची गाडी पाहिली होती आणि म्हटलं होतं की काकू, चीज आहे ही, पण पॉइंटवर चालते. भर चौकात बंद पडली तर तुम्ही काय बॉनेट उघडून पॉइंट घासत बसणार? त्या जागी इलेक्ट्रॉनिक बसवून घ्या. आईला ते पटलं. बाबा हयात असेपर्यंत तिने त्या गाडीला सवत म्हटलं. रविवारी सकाळी ते खाली उतरले की ती गॅलरीतून विचारायची, काय म्हणतेय सवत? उठली का? आणि आता ती सवतीला आपल्या हाताने चालवणार होती. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मुलीने विचारलं नव्हतं. वेळ जायला काहीतरी हवं, असं दोघी धरून चालल्या होत्या.

माहितीपत्रक तिने सवयीने वाचलं, म्हणजे तपासलं. दोन चुका निघाल्या. चौथ्या परिच्छेदावर मात्र ती अडली. तिथे चूक नव्हती. जुने पॉइंट व कंडेन्सर काढून टाकून द्यावेत, एवढंच होतं. टाकून द्यावेत. तिने ते वाक्य तीनदा वाचलं. तोवर तिच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, की नवं बसवायचं म्हणजे जुनं काढावं लागणार, आणि ते एकदा काढलं की त्या सकाळी आत काय होतं, हे या जगात कुणालाही, कधीही कळणार नाही. आई म्हणाली, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावू, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणतात. तिने सांगितलं की नको, मी करते. आईने चष्म्यावरून पाहिलं. मग म्हणाली, कर बाई. बापाचीच तू.

बाबा वजनमापं खात्यात होते. दुकानादुकानांतून तराजू तपासत त्यांची नोकरी गेली. घरी आलेल्या कुठल्याही पुड्याचं वजन ते हातानेच सांगायचे आणि मग काट्यावर ठेवून स्वतःलाच शाबासकी द्यायचे. गाडीच्या इंजिनात एक गोल डबा असतो, डिस्ट्रिब्युटर; त्याची टोपी काढली की आत दोन छोटे पॉइंट, एकमेकांसमोर, दोन ओठांसारखे. इंजिन फिरलं की ते उघडतात आणि मिटतात, आणि उघडताना ठिणगी पाठवतात. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात किती फट असावी, यावर गाडीचं सगळं आयुष्य अवलंबून. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, बाबा सांगायचे, पण पोस्टकार्ड घालून मोजायचे नाहीत. त्यांच्याकडे पोलादी पात्यांचा जुडगा होता, पंख्यासारखा उघडणारा. त्यातलं ठरावीक पातं त्या फटीतून सरकवायचं. सैलही नको, अडायलाही नको. लोण्यातून सुरी जाते तसं नाही, ते म्हणायचे, पुस्तकातून बोट काढून घेतो तसं. आणि मग ती गोष्ट, जी बाकीचे मेकॅनिक करत नाहीत असा त्यांचा आरोप होता. स्क्रू घट्ट केला की फट बदलते. म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा मोजायचं. बदलली असेल तर सैल करून पुन्हा लावायचं, पुन्हा घट्ट, पुन्हा माप. कधीकधी पाच पाच वेळा. लहानपणी ती टॉर्च धरून कंटाळून उभी राहायची आणि एका पायावरून दुसऱ्यावर भार द्यायची. ते खाली मान घालूनच सांगायचे, उजेड हलतोय.

मागच्या वर्षी त्या रविवारी टॉर्च त्यांनी धरला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. त्यांनीच तिला फोन करून बोलावलं होतं. ती तेव्हा वेगळी राहायची, दोन बस बदलून यावं लागायचं. फोन करताना त्यांनी कारण सांगितलं नव्हतं, नुसतं म्हणाले की येऊन जा, आणि आल्यावर पात्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवला नाही, त्याने. ती खूश व्हायला हवी होती. पण त्या दिवशी छापखान्यात एका पुस्तकाची पानं यंत्रावर चढायची होती आणि फोन मिनिटामिनिटाला थरथरत होता. तिने पॉइंट बदलले, फट लावली, पातं नीट सरकलं, स्क्रू आवळला. फोन पुन्हा वाजला. तिने पॉइंटवरचा फिरता रोटर बसवला, टोपी लावली, क्लिपा दाबल्या. बाबांनी टॉर्च विझवून विचारलं, पुन्हा मोजलंस? आणि ती हो म्हणाली. हात पुसत, फोनकडे बघत. हो. किती सहज निघाला तो शब्द. बाबांनी मान डोलावली. सुरू करून बघू या का, असं ते म्हणाले, पण तिची बस चुकली असती. मग म्हणाले, राहू दे, सकाळी बघतो. सकाळी त्यांना ताप भरला. सर्दीतापाने ते चार दिवस खाली उतरलेच नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांच्या छातीत दुखायला लागलं, आणि ते दवाखान्यात जायला म्हणून गाडी काढायला खाली गेले.

पुढचं तिने वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या तोंडून ऐकलं, आणि नंतरच्या तेरा चौदा दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून. दंतवैद्य पायजम्यावरच धावत उतरले होते. बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून, गाडी गप्प. सुरूच झाली नसावी हो बिचाऱ्यांची, ते म्हणाले. प्रयत्न करकरून छातीवर ताण आला असणार. लोकांना हे पटलं. गाडीने दगा दिला, हे वाक्य त्या दिवसांत चहाबरोबर फिरत राहिलं. जुन्या गाड्यांचं असंच, आम्ही सांगत होतो, विका म्हणून. आई कोपऱ्यात बसून असायची. ती काही बोलली नाही. मुलगी पाणी आणून द्यायची, खुर्च्या मांडायची, आणि तिच्या तळहाताला तो स्क्रूड्रायव्हर अजून जाणवत असायचा. तीस दिवस, शंभर दिवस, दहा महिने. तिने राहती जागा सोडली आणि आईजवळ आली. लोक म्हणाले, गुणाची मुलगी. खाली त्या गाडीवर कापड घातलेलं होतं आणि त्या कापडाखाली, टोपीखाली, तिचं खोटं जसंच्या तसं ठेवलेलं होतं. रोज जाता येता ती त्याच्या शेजारून जायची. उघडून पाहणं हातात होतं. म्हणूनच तिने उघडलं नाही.

रविवारी सकाळी तिने कापड काढलं. बॅटरी नवी आणली होती, पेट्रोल जुनं काढून ताजं भरलं होतं. ही कामं तिने शनिवारी दिवसभरात करून टाकली होती, मन लावून, जणू त्यांच्या पुढचं काम येणारच नाही. इमारतीखालच्या त्या जागेत ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, खांबांना बगल देऊन. आई चालकाच्या जागेवर जाऊन बसली. उशी घेऊन आली होती, नाहीतर मला समोर रस्त्याऐवजी स्टिअरिंगच दिसतं, म्हणाली. ब्रेक, क्लच, गिअर असं तोंडाने म्हणत पाय हलवत होती. बॉनेट वर केल्यावर दोघी एकमेकींना दिसेनाशा झाल्या. नुसता आवाज येत राहिला, आईचा, आरसा कसा लावायचा त्याबद्दल. आत प्रत्येक वायरीला बाबांनी कापडी पट्टीची चिठ्ठी बांधली होती. बॉलपेनने लिहिलेली, तेलाने पिवळी पडलेली. कॉइलकडे. ओढू नये. हॉर्न. ही तापते. तिने आयुष्यभर अनोळखी माणसांचं लिहिणं वाचलं होतं. यातलं एक अक्षरही तिच्याने धड वाचवेना. टोपी काढली. रोटर काढला. इंजिनाचा पट्टा हाताने ओढून इंजिन तसूतसूने फिरवलं, पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत. मग पात्यांचा जुडगा उघडून ते पातं निवडलं आणि फटीला लावलं.

पातं गेलं नाही.

तिने कोन बदलला. पुसून लावलं. नाही. मग त्याच्या निम्म्या जाडीचं घेतलं, तेही अडखळत, ओढत गेलं. स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर ठेवला तर तो बोटांच्या जोरानेच फिरला. आवळताना फट मिटत आली होती आणि तिने पाहिलं नव्हतं, शिवाय नीट आवळलाही नव्हता. असं काही सापडेल असं तिने दहा महिने स्वतःला सांगितलं होतं, आणि तरी आत कुठेतरी दुसरंच काही धरून बसली होती, हे तिला आता कळलं. हाताला काही लागत नव्हतं, मडगार्डचा थंड पत्रा सोडून. दूर कुणीतरी बादली आपटली. आई म्हणत होती की मागचा आरसा म्हणजे नुसती चहाडखोर शेजारीण, सगळं दाखवते आणि उपयोगाचं काही नाही. मग तिचं बोलणं थांबलं. काय गं, झालं काय? दार उघडल्याचा आवाज झाला. आई बाजूला येऊन उभी राहिली, उशी पोटाशी धरून.

मुलीने सांगितलं. आत बघतच सांगितलं, उजेड हलू न देता. की त्या रविवारी हे मी लावलं होतं, बाबांनी नाही. त्यांनी विचारलं होतं पुन्हा मोजलंस का, आणि मी हो म्हणाले, मोजलं नव्हतं. आता मोजलं. "ही सुरू होणं शक्य नव्हतं, आई. ते किल्ली फिरवत राहिले असणार. माझ्यामुळे."

आई उशीची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "सुरू झाली होती."

मुलीने मान वर केली.

"दुसऱ्या किल्लीला सुरू झाली. मी वरून ऐकलं." आई तिच्याकडे बघत नव्हती, गाडीच्या पुढच्या दिव्याकडे बघत होती. त्या सकाळी बाबा म्हणाले होते, मी गाडी काढतो, तू रिपोर्टांची फाइल घेऊन ये. फाइल सापडेना. ती फ्रिजवर होती. मग गॅस बंद केला, गॅलरीचं दार लावलं, कपडे बदलले. "केस विंचरले मी. दवाखान्यात चार लोक बघतात, म्हणून. आणि हे सगळं होईपर्यंत ती खाली चालू होती, मला ऐकू येत होतं, म्हणून मी निवांत. गाडी चालू आहे म्हणजे हे ठीक आहेत." खाली आली तेव्हा ते डोकं टेकून होते आणि इंजिन चालूच होतं. तिने हाक मारली. खांदा हलवला. मग हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. "पेट्रोल जळतंय म्हणून. आधी ते केलं, आणि मग ओरडले." दंतवैद्य आले ते त्यानंतर. ते म्हणाले, सुरू झाली नसेल. तिने काही म्हटलं नाही. झाली होती असं सांगितलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, मग तुम्ही कुठे होतात? इतका वेळ काय करत होतात? "मला वाटलं, गाडीच्या माथी गेलं तर जाऊ दे. ती काय, पत्रा आहे. कुणाला लागणार आहे?"

इतकं बोलून आईने उशी मडगार्डवर ठेवली, पुन्हा उचलली. मुलगी तिच्याकडे पाहत होती. तिला काहीतरी वाटायला हवं होतं, आणि त्याच्याऐवजी तिला एक जुनी गोष्ट आठवली. बाबा फिरतीवर असायचे. तिच्या सातव्या वाढदिवसाला ती वाट बघत झोपून गेली, आणि सकाळी आई म्हणाली की तू झोपलीस आणि बाबांचा फोन आला, किती वेळ बोलत होते तुझ्याबद्दल. कित्येक वर्षं ती आठवण तिने स्वतःची म्हणून सांभाळली. मोठेपणी लक्षात आलं की त्या घरात फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे होता, आणि शेजारी महिनाभर कुलूप लावून गेले होते. आईचं खोटं असं असायचं. बारीकसारीक तपशिलांनी भरलेलं, मऊ, अंगावर घालायला शिवून ठेवल्यासारखं. फाइल फ्रिजवर होती. केस विंचरले. दुसऱ्या किल्लीला. आत्ता, या क्षणी, समोर मुलगी कोसळतेय म्हटल्यावर तिने हे शिवलं नसेल कशावरून? आणि फट तर जवळजवळ मिटलेली. एवढ्यावर गाडी सुरू होते? झाली असती? होईलही. कधी होते, कधी नाही.

खात्री करून घेणं सोपं होतं. नवं अजून बसवलं नव्हतं. सगळं त्या सकाळी होतं तसंच होतं. रोटर ठेवायचा, टोपी दाबायची, किल्ली फिरवायची. दोन मिनिटं. सुरू झाली तर आई खरी. नाही झाली तर. तिचा हात टोपीकडे गेलादेखील. आई शेजारी उभी होती, आणि मुलगी काय करू बघतेय हे तिला कळलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. इंजिनातलं तिला काही कळत नसे. पण ती एक पाऊल मागे सरली आणि थांबली, तराजू घेऊन उभ्या असलेल्या बाबांसमोर दुकानदार थांबायचे तशी. ते पाऊल मुलीला सहन झालं नाही. बाबांनी खुशाल केलं असतं. पुन्हा माप, म्हटलं असतं. तिने टोपी बाजूला ठेवली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पॉइंट सोडवले. सैल स्क्रू दोन वेढ्यांत हातात आला. पॉइंट आणि कंडेन्सर तिने जुन्या फडक्यात टाकले, आणि फडकं कचऱ्याच्या डब्यात.

मग काम राहिलं, आणि काम होतं हे बरं झालं. काळा ठोकळा जुन्या भोकांवर बसवला. चुंबकाचं कडं दांड्यावर दाबून बसवलं, टक् असं होईपर्यंत. दोन्ही वायरी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या भोकातून बाहेर काढल्या. लाल कॉइलच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला; उलट झालं तर ठोकळा क्षणात जळेल, असं पत्रकात ठळक अक्षरांत होतं. जुन्या वायरीचं सुती वेष्टण हात लावताच भुसभुशीत होऊन गळत होतं, तेवढा तुकडा कापून टाकला, नवं टोक सोलून त्यावर पितळी टिकली आवळली. आईने टॉर्च धरला. उजेड हलत होता. मुलीने काही म्हटलं नाही. एकदा आईने विचारलं की लाल कुठे गेली, आणि मुलीने बोटाने दाखवलं. शेवटी तिने टोपी बसवली, सगळी जोडणी एकदा पाहिली, आणि स्वतःच्या नकळत दुसऱ्यांदा पाहिली. बस आत, म्हणाली. किल्ली तू फिरव.

आई उशीवर बसली, पाय क्लचवर ठेवला, शिकवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे गिअर डावीउजवीकडे हलवून पाहिला आणि किल्ली फिरवली. घरघर व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही. इंजिन लागलीच सुरू झालं. इतकं एकसारखं, इतकं सपाट चालायला लागलं, की मुलीला वाटलं ही दुसऱ्याच कुणाची तरी गाडी आहे. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिने काही मोजलं नव्हतं. बॉनेट खाली घेतल्यावर काचेतून आई दिसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. मुलीने दोन मिनिटं चालू दिलं, धूर पाहिला, कॉइलला हात लावून पाहिला. मग खिडकीशी येऊन म्हणाली की झालं, कर बंद.

आईने उजवा हात उचलला. तो किल्लीपर्यंत गेला. बोटं किल्लीच्या भोवती आली आणि तिथेच थांबली, चटका बसतोय पण सोडता येत नाही अशी. मग हात मागे आला आणि मांडीवर जाऊन पडला. आईने त्याच्याकडे पाहिलं. तिने पुन्हा तो उचलला. या खेपेला तो अर्ध्यावरूनच परतला. ती रडत नव्हती. नुसती त्या किल्लीकडे बघत होती, आणि मधूनच शेजारच्या, रिकाम्या जागेकडे.

फ्रिजवर फाइल होती. केस विंचरले होते. दुसऱ्या किल्लीला सुरू झाली होती.

मुलगी वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडून आईच्या शेजारी बसली. किल्ली तिच्या हाताच्या अंतरावर होती. तिने हात पुढे केला नाही. "राहू दे," ती म्हणाली. "जळू दे पेट्रोल."

आईने मान हलवली. गाडी चालूच राहिली.